कार ऑडिओ स्पर्धेसाठी गाडी तयार करताना: आधी शांतता, मग आवाज

साउंड क्वालिटीच्या स्पर्धेत काही गुण गाणं न लावताच मिळतात किंवा जातात. परीक्षक ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, कोरा ट्रॅक लावतो आणि आवाज वाढवत नेतो. ट्विटरमधून, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरमधून, 'शूंऽऽ' ऐकू आलं की गुण गेले. मग इंजिन चालू करतो, रेस वाढवतो. त्याबरोबर बारीक शिट्टी चढली की आणखी गेले. त्यानंतर गाणं लागतं, डिकीवरची नंबर प्लेट खडखडते आणि बेस समोरून येण्याऐवजी मागून यायला लागतो. यातल्या एकाही दोषावर महागडा स्पीकर उपाय नाही. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी वीज, मग गाडीचं अंग, मग स्पीकरची जागा, मग गेन (सिग्नल आणि अँपचा मेळ), क्रॉसओव्हर (कोणत्या स्पीकरला कोणते सूर द्यायचे त्याची वाटणी), लेव्हल (प्रत्येक स्पीकरचा आवाज), डिले (जवळच्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडणं) आणि सर्वांत शेवटी ईक्यू (कमी-जास्त झालेले सूर सुधारणं). हा क्रम उलटा केला की ईक्यूने दरवाज्याचे दोष झाकायचा प्रयत्न सुरू होतो आणि ते कधीच जमत नाही.

कशात उतरायचं ते ठरवा

स्पर्धा मुख्यतः दोन प्रकारच्या. साउंड क्वालिटी, म्हणजे एसक्यू, आणि एसपीएल, म्हणजे निव्वळ आवाजाचा जोर. इयास्का, मेका आणि एम्मा या संस्थांच्या एसक्यू स्पर्धांत साधारण या गोष्टी तपासतात: सुरांचा खरेपणा, साउंडस्टेजची, म्हणजे समोर उभ्या राहणाऱ्या आवाजाच्या मंचाची, रुंदी, उंची आणि खोली, इमेजिंग म्हणजे प्रत्येक वाद्य आपल्या जागेवर ऐकू येणं, हळू आणि मोठ्या आवाजात तोल तोच राहणं, आणि नको असलेल्या आवाजांचा अभाव. इन्स्टॉलेशनची सुरक्षितता आणि सफाई वेगळी तपासली जाते. डीबी ड्रॅगसारख्या एसपीएल स्पर्धेत समोरच्या काचेवर सेन्सर लावतात आणि आकडा मोजतात.

एकच गाडी दोन्हीत उतरवता येते, पण दोन्हीत वर येणं जवळपास अशक्य. एसक्यूसाठी सबवूफरची (सर्वांत खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, म्हणजे सबची) पेटी सपाट प्रतिसादासाठी, म्हणजे सगळे सूर सारखे वाजावेत यासाठी, बांधलेली असते, एसपीएलची पेटी एका फ्रिक्वेन्सीवर सगळं ओतण्यासाठी. आधी निवड करा, त्या संस्थेचं चालू वर्षाचं नियमपुस्तक पूर्ण वाचा आणि आपला वर्ग ठरवा. वर्ग बऱ्याचदा गाडीत किती फेरफार केले यावर ठरतो. डॅशबोर्डला कापल्यामुळे नवशिक्यांच्या वर्गातून थेट वरच्या वर्गात जावं लागलं, असं व्हायला नको. पुढचं बहुतेक लिखाण एसक्यूसाठी आहे. एसपीएलचं वेगळेपण शेवटाकडे दिलं आहे.

वीज

हिशेब मागणीपासून सुरू करा. १००० वॅट आरएमएसचा (सतत देता येणाऱ्या वॅटचा) क्लास डी अँप्लिफायर, म्हणजे अँप, ८० टक्के कार्यक्षम धरला, तर १३.८ व्होल्टवर तो साधारण ९० अँपिअर ओढतो. तांब्याच्या ५ मीटर लांब, २१ चौरस मिलिमीटर (४ गेज) वायरमध्ये ९० अँपिअरला सुमारे ०.३७ व्होल्टची घट होते. तीच वायर ५० चौरस मिलिमीटरची (१/० गेजच्या आसपास) घेतली, तर घट ०.१५ व्होल्टवर येते. परतीच्या रस्त्यावर, म्हणजे ग्राउंडच्या बाजूला, होणारी घट यात धरलेली नाही. बाजारातली बरीच स्वस्त वायर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. तिचं टोक खरवडून पाहा, आत चंदेरी दिसलं तर तीच. ती वापरायचीच असेल तर एक-दोन माप जाड घ्या.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वायरच्या लांबीने ४५ सेंटीमीटरच्या आत. बहुतेक नियमपुस्तकांत हाच आकडा, १८ इंच, सापडतो. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, अँपला वाचवण्यासाठी नाही, म्हणून त्याचं माप वायरच्या जाडीवरून ठरवा. २१ चौरस मिलिमीटरला १५० अँपिअरच्या वर जाऊ नका. डिकीत दुसरी बॅटरी असेल तर त्या वायरच्या दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण वायर मधे कुठे बॉडीला टेकली तर दोन्हीकडून करंट येतो. वायर पत्र्यातून जिथे पार होते तिथे रबरी ग्रोमेट लावा. परीक्षक इथे बोट फिरवून पाहतात.

ग्राउंडवर घाई करू नका. जागा निवडून रंग आणि प्रायमर पूर्ण घासून पत्रा चकचकीत करा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) नीट क्रिंप करून बोल्ट आणि दातेरी वॉशरने आवळा, आणि वरून गंज लागू नये म्हणून रंग किंवा पेट्रोलियम जेली लावा. सीट बेल्टचा बोल्ट ग्राउंडसाठी कधीही वापरू नका. डीएसपी (सिग्नलवर प्रक्रिया करणारं यंत्र), अँप आणि शक्य असेल तर हेड युनिट (डॅशमधला प्लेअर) यांचं ग्राउंड एकाच बिंदूवर आणा. ग्राउंड चांगलं आहे की नाही हे मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर कळत नाही. इतका छोटा रोध साधं मीटर दाखवूच शकत नाही. सिस्टीम मोठ्याने वाजत असताना अँपचं ग्राउंड टर्मिनल आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामधला व्होल्टेज मोजा. तो ०.१ व्होल्टच्या आसपास राहिला तर ठीक, ०.५ दिसला तर कुठेतरी जोड कच्चा आहे.

इंजिनच्या बाजूच्या तीन वायरही बदलून टाका: अल्टरनेटरपासून बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्हपासून बॉडी, आणि इंजिन ब्लॉकपासून बॉडी. कंपनीच्या वायर तिच्या स्वतःच्या गरजेपुरत्याच असतात. मागचा अँप कितीही जाड वायरने जोडला तरी अडथळा इथे राहिला तर फायदा होत नाही.

दरवाजे: मिडबास, म्हणजे सबच्या वरचे जाड सूर, इथे घडतो

दरवाज्याच्या बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोका. 'टण' असा आवाज घुमत राहिला तर तो पत्रा गाण्याबरोबरही वाजणार. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग २ ते २.५ मिलिमीटरची ब्यूटाइल डॅम्पिंग शीट लावून रोलरने जोर देऊन दाबा, शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत. आता ठोकल्यावर 'ठप' आवाज यायला हवा. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मोकळ्या भागाच्या मध्यावर ३० ते ५० टक्के झाकलं की बराचसा परिणाम मिळतो. त्यापुढे फक्त दरवाज्याचं वजन आणि बिजागरीवरचा ताण वाढतो. खालची पाणी निथळायची भोकं मोकळी ठेवा. ती बुजली की पाणी साचून दरवाजा आतून गंजतो.

आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करणं याहून महत्त्वाचं. स्पीकरच्या पाठीमागून निघणारी लाट पुढच्या लाटेच्या उलट असते. भोकांतून ती पुढे आली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि खालचे सूर आधी जातात. मोठ्या भोकावर नुसती डॅम्पिंग शीट ताणून लावली तर ती पडद्यासारखी हलते. तिथे ॲल्युमिनियमचा किंवा एबीएस प्लास्टिकचा तुकडा कापून स्क्रूने बसवा आणि त्यावर शीट लावा. काच वर-खाली करणारी यंत्रणा कधीतरी उघडावी लागणार, म्हणून तुकडे कायमचे चिकटवू नका.

स्पीकरची रिंग कच्च्या एमडीएफची (लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या फळीची) नको. दरवाज्यात पावसाचं पाणी येतंच, एमडीएफ फुगतं आणि स्क्रू सैल होतात. एचडीपीई (टणक प्लास्टिक), ॲल्युमिनियम किंवा सर्व बाजूंनी सील केलेलं बर्च प्लाय घ्या. रिंग आणि पत्रा यांमध्ये फोमची गॅस्केट, आणि स्पीकरची कड ते दरवाज्याचं कव्हर यांमधली फटही फोमच्या कडीने बंद करा. ही शेवटची फट बहुतेकजण विसरतात. मग अर्धा मिडबास कव्हरच्या आतच फिरत राहतो आणि कव्हरच्या क्लिपा वाजतात. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन मॅग्नेटला घासत नाही ना, हे पाहा.

स्पीकरची जागा

डावी-उजवी ठिकाणं ड्रायव्हरच्या कानापासून जितकी सारख्या अंतरावर, तितकं पुढचं काम सोपं. डिलेने वेळ जुळवता येते, पण काचेवरून आणि डॅशवरून होणारी परावर्तनं डिले बदलू शकत नाही. म्हणून ट्विटर कायमचा बसवण्याआधी चिकट मातीने किंवा डबल टेपने तात्पुरता लावा आणि निदान तीन जागा ऐका: ए-पिलरवर (समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर), आरशाच्या त्रिकोणी पट्टीत आणि डॅशच्या कोपऱ्यात. प्रत्येक जागी दिशाही बदलून पाहा. एकदा थेट कानाकडे, एकदा समोरच्या सीटांमधल्या मध्यबिंदूकडे. जवळचा ट्विटर थेट कानावर रोखला की आवाज त्याच बाजूला खिळतो, तेव्हा त्याला थोडा फिरवून लांबच्या सीटकडे वळवलं की आवाजाचा मध्य सुटा होतो. फायबर ग्लासचं काम या ऐकण्यानंतरच करा.

ए-पिलरमध्ये पडदा एअरबॅग असेल तर तिच्या उघडण्याच्या रस्त्यात पॉड, स्क्रू किंवा वायर काहीही येता कामा नये. ही गोष्ट गुणांच्या पलीकडची आहे.

सबवूफरची पेटी

एसक्यूसाठी बंद पेटी बहुधा योग्य ठरते. खालच्या सुरांकडे तिचा उतार सौम्य असतो आणि गाडीची बंद केबिन खालच्या फ्रिक्वेन्सींना स्वतःहून उचलते, त्यामुळे दोन्ही एकमेकांना जुळतात. माप स्पीकरबरोबर येणाऱ्या आकड्यांवरून काढा: व्हीएएस म्हणजे स्पीकरच्या लवचिकतेइतक्या हवेचं आकारमान, क्यूटीएस म्हणजे स्पीकरच्या दमनाचा आकडा, क्यूटीसी म्हणजे पेटीत बसवल्यावरचा तोच आकडा, आणि एफएस म्हणजे स्पीकरची स्वतःची कंपनाची फ्रिक्वेन्सी. आकारमान = व्हीएएस भागिले ((क्यूटीसी/क्यूटीएस)चा वर्ग उणे १). समजा व्हीएएस ४० लिटर, क्यूटीएस ०.४५, आणि आपल्याला क्यूटीसी ०.७०७ हवा. गुणोत्तर १.५७, वर्ग २.४७, वजा १ म्हणजे १.४७, आणि पेटी सुमारे २७ लिटरची. स्पीकरचा एफएस २८ हर्ट्झ असेल तर पेटीतला रेझोनन्स ४४ हर्ट्झला येईल. हे आतलं निव्वळ आकारमान आहे. स्पीकरने व्यापलेले दोन-तीन लिटर आणि आतले आडवे आधार वरून मिळवा.

१८ मिलिमीटरचं एमडीएफ किंवा प्लाय, सगळ्या सांध्यांना गोंद आणि आतून सिलिकॉन, आणि जी भिंत ३० सेंटीमीटरहून मोठी तिला मधे आडवा आधार. पेटी बोल्टने गाडीला घट्ट करा. परीक्षक ती हाताने हलवून बघतो. अँप पेटीच्या भिंतीवर स्क्रूने लावू नका. सतत कंपनात सोल्डरचे जोड सैल पडतात आणि भोकांतून पेटी गळते.

गेन

गेन हा आवाज वाढवायचा खटका नाही. आधीच्या यंत्राचा सिग्नल आणि अँपची क्षमता यांचा मेळ घालायचं ते साधन आहे. स्पीकर सोडवून ठेवा. ईक्यू आणि बास बूस्ट बंद. हेड युनिटचा आवाज कुठवर स्वच्छ राहतो हे ऑसिलोस्कोपवर १ किलोहर्ट्झचा ० डेसिबल टोन लावून पाहा. साइन लाटेचं टोक सपाट व्हायला लागलं की एक पायरी खाली या आणि तो आकडा लिहून ठेवा. मग डीएसपीचं इनपुट, शेवटी अँपचा गेन. स्कोप नसेल तर मल्टिमीटर चालतो: लागणारा व्होल्टेज म्हणजे वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ. १०० वॅट आणि ४ ओहमसाठी २० व्होल्ट, ५०० वॅट आणि २ ओहमसाठी ३१.६ व्होल्ट. सबसाठी ४० किंवा ५० हर्ट्झचा टोन घ्या. बरेच स्वस्त मीटर १ किलोहर्ट्झवर एसी व्होल्टेज चुकीचं दाखवतात, हे लक्षात असू द्या.

ट्विटरच्या चॅनलचा गेन शक्य तितका खाली. ट्विटर मिडबासपेक्षा संवेदनशील असतो, त्याला तेवढा जोर लागत नाही, आणि अँपची 'शूं' सर्वांत आधी तिथेच ऐकू येते. डीएसपीच्या आउटपुटवर १० डेसिबल कापून अँपचा गेन वर ठेवणं ही नेहमीची चूक. डीएसपीचं आउटपुट भरपूर ठेवा आणि अँपवर कापा, म्हणजे सिग्नलबरोबर गोंगाटही खाली जातो.

क्रॉसओव्हर

सुरुवातीचे आकडे: सब आणि मिडबास यांच्यामध्ये ७० ते ८० हर्ट्झ, मिड (हाच दरवाज्यातला मिडबास स्पीकर) आणि ट्विटर यांच्यामध्ये २.५ ते ३.५ किलोहर्ट्झ, सगळीकडे लिंकविट्झ-रायली (क्रॉसओव्हरचा एक प्रकार) २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. ट्विटरची खालची हद्द त्याच्या एफएसच्या दुपटीच्या वरच ठेवा. एफएस १२०० हर्ट्झ असेल तर २४०० च्या खाली जाऊ नका, नाहीतर मोठ्या आवाजात तो करकरतो आणि मग जळतो.

ट्विटर पहिल्यांदा जोडण्याआधी प्रत्येक चॅनलवर एखादा जुना स्पीकर लावून हळू आवाजात फ्रिक्वेन्सी स्वीप ऐका. डीएसपीत चॅनल उलटसुलट झाला असेल तर इथेच कळेल. ॲक्टिव्ह सिस्टीममध्ये (प्रत्येक स्पीकरला अँपचा वेगळा चॅनल) ट्विटरच्या मालिकेत ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला तर ४ ओहमला तो ८५० हर्ट्झच्या आसपास कापतो. चालू-बंद होतानाचा 'ठप्प' आवाज आणि चुकून आलेला बेस या दोन्हींपासून तो ट्विटर वाचवतो.

पोलॅरिटी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची जोडणी, प्रत्येक स्पीकरची तपासा. मिडबासच्या टर्मिनलना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा, पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला असेल तर कोन बाहेर येतो. ट्विटरवर हा प्रयोग करू नका.

डिले

१ मिलिसेकंदात आवाज ३४.३ सेंटीमीटर जातो. सीट स्पर्धेत असेल त्या जागी घेऊन दोन्ही कानांच्या मधल्या बिंदूपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत टेपने मोजा. सर्वांत लांबचा शून्य, बाकीच्यांना फरकाइतका डिले. उदाहरण: सब १८५, लांबचा मिड १४७, लांबचा ट्विटर १३८, जवळचा मिड ९८, जवळचा ट्विटर ९२ सेंटीमीटर. मग लांबच्या मिडला १.११, लांबच्या ट्विटरला १.३७, जवळच्या मिडला २.५४ आणि जवळच्या ट्विटरला २.७१ मिलिसेकंद. सबला शून्य.

टेपचे आकडे ही फक्त सुरुवात. ३ किलोहर्ट्झची लाट ११.४ सेंटीमीटर लांब असते, म्हणजे पावणेसहा सेंटीमीटरची चूक झाली तर क्रॉसओव्हरवर मिड आणि ट्विटर थेट एकमेकांच्या विरुद्ध वाजतात. म्हणून ताडून पाहायची एक जुनी आणि खात्रीची पद्धत वापरा. एका बाजूचा फक्त मिड आणि ट्विटर चालू ठेवा, ट्विटरची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा, मायक्रोफोनवर क्रॉसओव्हरजवळ पडणारा खड्डा पाहत डिले एक एक पायरी सरकवा. खड्डा सर्वांत खोल झाला की पोलॅरिटी सरळ करा. उलटं असताना सर्वांत जास्त कापतं, म्हणजे सरळ असताना सर्वांत चांगलं जुळतं. सब आणि मिडबाससाठीही हेच करा.

मग कान. सुमारे १.५ किलोहर्ट्झच्या खाली आपला कान दिशा प्रामुख्याने वेळेच्या फरकावरून ओळखतो, त्याच्या वर लेव्हलवरून. त्यामुळे मिडचा डिले आणि ट्विटरची लेव्हल, या दोन गोष्टी मध्याला धरून ठेवतात. मोनो गुलाबी नॉइज (प्रत्येक ऑक्टेव्हमध्ये सारखा जोर असलेला खरखराट) तृतीयांश ऑक्टेव्हच्या पट्ट्यांत घेऊन एकेक वाजवा आणि डॅशवर बोट ठेवून तो आवाज कुठे आहे ते नोंदवा. २०० हर्ट्झ मध्यावर, ४०० हर्ट्झ जवळच्या बाजूला झुकलेला, ८०० पुन्हा मध्यावर, असं चित्र दिसलं तर डिलेला हात लावू नका. एकच पट्टी सरकली म्हणजे तिथे डाव्या-उजव्याच्या प्रतिसादात फरक आहे, तो ईक्यूने काढायचा. सगळ्याच पट्ट्या एका बाजूला झुकल्या तर डिले किंवा लेव्हल चुकली.

ईक्यू

रूम ईक्यू विझार्ड हे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी मायक्रोफोन पुरेसा आहे. मायक एका जागी ठेवून घेतलेलं मोजमाप गाडीत फसवतं, डोकं दोन सेंटीमीटर हललं की वरचे खड्डे-टेकाडं बदलतात. गुलाबी नॉइज चालू ठेवून डोकं असेल त्या जागेभोवती मायक हळूहळू ३० सेकंद फिरवा आणि सरासरी घ्या. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. या वेळी बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज स्थिर ठेवा, कारण इंजिन बंद असताना दोन तासांत बॅटरी उतरते आणि अँपचं वागणं बदलतं.

लक्ष्यरेषा सपाट नको, गाडीत सपाट रेषा किरकिरी ऐकू येते. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ६० हर्ट्झच्या खाली ८ ते १० डेसिबल वर, १५० ते २०० हर्ट्झपर्यंत उतरत येणारी, आणि पुढे २० किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू ४ ते ६ डेसिबल खाली जाणारी रेषा सुरुवातीला धरा. टेकाडं कापा. परावर्तनाने पडलेला खोल खड्डा भरू नका. ६ डेसिबल वाढवायला चौपट वॅट लागतात आणि तरीही तो खड्डा तसाच राहतो, फक्त स्पीकर दमतो.

लक्ष्यरेषेवर अगदी अचूक बसण्यापेक्षा डावी आणि उजवी बाजू एकमेकींसारखी असणं कितीतरी मोलाचं. २०० हर्ट्झपासून वर दोन्हींत १ डेसिबलहून जास्त फरक राहू देऊ नका. गायकाचा आवाज डॅशच्या मधोमध, मुठीएवढ्या जागेत घट्ट बसला की परीक्षकाच्या कागदावर त्याचा परिणाम एकाच रकान्यात नाही, तीन-चार रकान्यांत दिसतो. वेळ कमी असेल तर तो इथे घालवा.

शिट्टी, शूं आणि खडखड

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी जवळपास नेहमी ग्राउंड लूपमधून, म्हणजे दोन यंत्रांच्या ग्राउंडमधल्या फरकामुळे सिग्नलच्या वायरमधून फिरणाऱ्या करंटमधून, येते. शोध अँपपासून मागे मागे घ्यायचा. इंजिन चालू ठेवा, पण प्रत्येक वेळी प्लग काढण्या-लावण्याआधी सिस्टीम बंद करा. अँपचे आरसीए (सिग्नलच्या वायरचे प्लग) काढा. शिट्टी राहिली तर दोष अँपच्या वीजपुरवठ्यात किंवा ग्राउंडमध्ये. गेली तर अँपच्या इनपुटमध्ये आतला दांडा आणि बाहेरची कडी जोडलेला शॉर्टिंग प्लग लावून खात्री करा, मग आरसीए परत लावून डीएसपीच्या इनपुटला हाच प्रयोग. तिथेही शांत असेल तर दोष हेड युनिटकडे. हेड युनिटच्या आरसीएची बाहेरची कडी आणि त्याची बॉडी यांत सातत्य नसेल तर आतला बारीक फ्यूज किंवा ट्रॅक उडालेला असतो. चालू सिस्टीममध्ये आरसीए उपसले की हे घडतं. लूप आयसोलेटर लावून शिट्टी दाबता येते, पण तो खालचे सूर खातो. स्पर्धेच्या गाडीत कारण शोधून काढलेलं बरं. सिग्नलच्या आणि पॉवरच्या वायर गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या, छेद द्यावाच लागला तर काटकोनात.

खडखडीसाठी २० ते २०० हर्ट्झचा स्वीप अगदी सावकाश, एक मिनिटाहून जास्त वेळ घेऊन वाजवा. एक माणूस आत, एक बाहेर. वाजलं की थांबा, ती फ्रिक्वेन्सी धरून ठेवा आणि हाताने एकेक भाग दाबत जा. नंबर प्लेट, डिकीचं कुलूप, मागची पार्सल ट्रे, सन व्हायझरची क्लिप, सीट बेल्टचं बक्कल, छतावरच्या दिव्याची काच, दरवाज्यातल्या कुलपाच्या सळया, ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रं. प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं तिथे फेल्टची टेप, मोकळ्या वायरना फोम गुंडाळून टाय. डिकीतली प्रत्येक खडखड बेसला मागे ओढते. ६० हर्ट्झ कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, पण त्याच्याबरोबर वाजलेला पत्रा कळतो. बेस समोरून आणायचा एवढाच मार्ग आहे: शांत डिकी, सबशी फेजमध्ये (एकाच वेळी पुढे-मागे होणारा) जुळलेला मिडबास, आणि सबचा वरचा कट ८० हर्ट्झच्या पुढे न जाऊ देणं.

एसपीएलसाठी काय बदलतं

वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल मिळतात. कोनचं क्षेत्रफळ आणि वॅट दोन्ही दुप्पट केले तर साधारण ६. म्हणून फक्त अँप बदलून मोठी उडी मिळत नाही. आधी गाडीची स्वतःची फ्रिक्वेन्सी शोधा: खिडक्या बंद करून ३० ते ७० हर्ट्झपर्यंत १-१ हर्ट्झने टोन वाजवत मीटर बघा. ज्या फ्रिक्वेन्सीला आकडा सर्वांत वर जातो तिच्यासाठी पोर्टेड, म्हणजे हवेला मोकळं तोंड असलेली, पेटी बांधा. पोर्टचं तोंड प्रत्येक १० लिटरमागे २७ ते ३६ चौरस सेंटीमीटर धरा. अरुंद पोर्टमध्ये हवा फुसफुसते आणि दाब वाया जातो. पेटीत वाजताना १ ओहमचा कॉइल कित्येक पटींनी जास्त इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) दाखवतो, म्हणून अँपवर लिहिलेले वॅट आणि खरे वॅट यांत मोठी तफावत पडते. क्लॅम्प मीटरने करंट आणि व्होल्टेज एकदम मोजा. पेटीचं तोंड कुठे वळवलं आणि ती दोन-चार सेंटीमीटर पुढे-मागे केली यानेही एखाद-दुसरा डेसिबल सहज हलतो.

मोजणी सुरू असताना आत बसू नका. ८५ डेसिबल (ए) हा आठ तासांचा डोस मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला तो १५ मिनिटांवर येतो. १४० च्या वर प्लगही पुरेसा नाही. एसक्यूच्या ट्यूनिंगमध्येही दर तासाला कानाला विश्रांती द्या, थकलेला कान ट्रेबल वाढवत जातो.

स्पर्धेच्या दिवसाची तयारी

काम चालू असताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढत जा: पत्र्याखालची वायर, फ्यूजचं अंतर टेप लावून, ग्राउंडचा घासलेला बिंदू, पेटीच्या आतले आधार. इन्स्टॉलेशनच्या परीक्षकाला जे दिसत नाही त्याचे गुण फोटो-वहीवरूनच मिळतात. वायरचा आराखडा आणि प्रत्येक फ्यूजचं माप पहिल्याच पानावर.

ट्रॅक डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी स्वरूपात, संस्थेची अधिकृत ट्रॅकयादी असेल तर तोच क्रम. डीएसपीच्या सेटिंगची फाइल लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर, अशा दोन प्रती. सोबत सुटे फ्यूज, आरसीएची एक जास्त जोडी, पाना, टेप, फेल्ट. आदल्या रात्री ट्यूनिंग बदलू नका.

सीटची जागा आणि पाठीचा कोन रेल्वर पांढऱ्या टेपने खूण करून ठेवा. परीक्षक उंच असेल तर त्याचं डोकं मागे आणि वर जातं. तुमच्यापेक्षा १५ सेंटीमीटर उंच आणि १५ सेंटीमीटर ठेंगणा, अशा दोघांना आधीच बसवून मध्य कुठे सरकतो ते पाहा. सीट थोडी मागे-पुढे करून दोघांचाही कान एकाच बिंदूजवळ आणता येतो. त्या दोन्ही खुणा रेल्वर वेगळ्या रंगाने करा. परीक्षक येण्याआधी एसी आणि पंखा बंद, खिशातली नाणी आणि किल्ल्यांचा जुडगा गाडीबाहेर, काचा वर, हेड युनिट ट्यूनिंग केलं त्याच व्हॉल्यूम आकड्यावर. तो आकडा छोट्या चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ लावा.